मुलांशी शरीराबद्दल बोलायला जाताय? आधी दवाखाना पाहून या

पुण्यात शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत हमखास कुणीतरी विचारतं, "वस्तीतल्या मुलामुलींसाठी 'ते' सत्र घ्यायचंय, तुमच्याकडे पीपीटी आहे का?" 'ते' म्हणजे वयात येण्याबद्दल आणि लैंगिकतेबद्दलचं. विचारणारे बहुधा समाजकार्याचे विद्यार्थी असतात. कधी कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामातून (सीएसआर) आलेले तरुण, कधी अभ्यासिका चालवणारे ताई-दादा, कधी नुकतीच शाळेत लागलेली शिक्षिका. पीपीटी काय, कुठेही मिळते. पण काम तिच्यावाचून अडत नाही. ते अडतं सत्र संपल्यावर, जेव्हा एखादी मुलगी चपला घालायचं निमित्त करून मागे राहते आणि म्हणते, "ताई, मला दोन महिने पाळी नाही आली." तिला कुठे पाठवायचं, तिथे कोण भेटतं, बरोबर कोण जाणार, तिचं वय सतरा असेल तर कायदा काय म्हणतो, हे तुम्हाला त्या क्षणी माहीत असावं लागतं. म्हणून या लेखात मी तयारी शेवटाकडून सुरू केली आहे.

पहिलं काम: जिथे पाठवणार तिथे स्वतः जाऊन या

सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. त्यातली सल्लाकेंद्रं महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' या नावाने चालतात. तुमच्या भागाला सगळ्यात जवळचं मैत्री क्लिनिक कोणत्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात आहे ते शोधा आणि एकदा तिथे चक्कर मारा. केसपेपर कुठे काढायचा, समुपदेशक कोणत्या वारी असतात, खोलीचं दार रांगेसमोरच उघडतं की आडबाजूला आहे, हे सगळं बघून या. पंधरा वर्षांची मुलगी शेजारच्या काकूंसमोर त्या दारातून आत जाणार नाही, हे तिथे उभं राहिल्याशिवाय तुमच्या लक्षात येत नाही.

पुणे स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही मोठी ठिकाणं. यांपैकी तुमच्या मुलांना बसने सोयीचं पडेल ते निवडा. तिथलं स्त्रीरोग विभागाचं बाह्यरुग्ण दालन, एचआयव्हीची मोफत तपासणी करणारं आयसीटीसी केंद्र आणि गुप्तरोगांवर उपचार करणारं 'सुरक्षा क्लिनिक' कुठे आहे ते पाहून ठेवा. समुपदेशकाला तुमचं नाव सांगा आणि "मी कुणाला पाठवलं तर चालेल ना?" असं विचारून या. एवढ्या ओळखीने पुढे फार काम होतं.

एक छोटी वही करा. त्यात जागा, विभाग, वार, वेळ आणि बसचा थांबा लिहा. पहिल्या पानावर हे क्रमांक हवेत: मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. वस्तीतल्या आशाताईंची ओळखही आत्ताच करून घ्या. गरोदरपणाची चाचणीपट्टी, निरोध, माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या त्यांच्याकडून मिळतात. शिवाय कोणत्या घरात कोणता विषय काढायचा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

परवानगी, आणि पालकांची बैठक

महापालिकेच्या शाळेत जायचं असेल तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. खासगी शाळेत मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ, दोघांशी बोला. तोंडी "या हो, काय हरकत आहे" यावर जाऊ नका. एका पालकाने फोन केला की तो होकार कुणालाच आठवत नाही. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यावर कोण आहे हे विचारून त्यांना आधी भेटा, कारण सत्रातून काही निघालं तर शाळेत पहिला आधार त्यांचाच.

महाराष्ट्रात या विषयाला विरोध नवा नाही. २००७ साली शाळांमधल्या लैंगिकता शिक्षणावरून विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबला. त्यामुळे मुख्याध्यापक सावध असतात, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पत्रावर 'किशोरवयीन आरोग्य आणि सुरक्षितता' असा विषय लिहा. सोबत सत्रात काय-काय सांगणार त्याची यादी जोडा आणि त्या यादीतलं एकही कलम लपवू नका.

पालकांची बैठक टाळायचा मोह होतो. टाळू नका. ताडीवाला रोड, जनता वसाहत किंवा येरवड्यातल्या वस्तीत घ्यायची असेल तर रात्री आठनंतर किंवा रविवारी दुपारी घ्या. धुण्याभांड्याची कामं करून बायका त्याआधी घरी नसतात. कोथरूड-बाणेरच्या सोसायटीत लोक वेळेवर येतात, पण तिथे "आमच्या मुलांना गरज नाही, त्यांना सगळं माहितीये" हे ऐकायची तयारी ठेवा. दोन्हीकडे मी एकच करते: मुलांना दाखवणार ते तक्ते आधी पालकांना दाखवते आणि मुलं खरोखर विचारतात त्यातले चार-पाच प्रश्न नाव न सांगता वाचते. आईबाप गप्प होतात. मग मागून कुणीतरी विचारतं, "आणि मोबाईलवर ते बघतात, त्याचं काय करायचं?" तिथून बैठक खऱ्या अर्थाने सुरू होते.

गट कसा करायचा

एका गटात पंचवीस-तीसच्या वर मुलं नकोत. १० ते १२, १३ ते १५ आणि १६ ते १९ असे वेगळे गट करा. मुलं-मुली एकत्र की वेगळे, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझं मत असं की पहिलं सत्र वेगळं घ्या आणि दुसरं एकत्र, पण विषय दोघांनाही सगळा सांगा. मुलांना पाळीची माहिती मिळायलाच हवी. मुलींनाही मुलांच्या शरीरात काय होतं ते कळलं पाहिजे. शक्यतो एक ताई आणि एक दादा अशी जोडी असावी. एखादं मूल तुमच्याशी एकट्याने बोलायला आलं तर दार उघडं ठेवा आणि तुमची जोडीदार दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर असू द्या.

सत्राच्या आदल्या रात्री सगळे शब्द मोठ्याने म्हणून बघा. योनी, लिंग, वृषण, वीर्य, हस्तमैथुन, संभोग. जोडीदारासमोर म्हणा, हसू येईल तेवढं तिथेच येऊन जाऊ दे.

चिठ्ठ्यांचा डबा

माझं ऐकाल तर तक्त्यांपेक्षा जास्त वेळ या डब्याला द्या. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला फट पाडा आणि तो सत्राच्या आधी दोन-तीन दिवस वर्गात ठेवा. सत्राच्या दिवशी सगळ्यांना सारखे कागद वाटा. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर काल काय जेवलो ते लिहायचं. अशाने सगळ्यांची पेनं हलतात आणि कोण विचारतंय ते शेजाऱ्याला कळत नाही. मराठी, हिंदी, कोणतीही भाषा चालेल. पुण्यातल्या वर्गात हल्ली तेही सांगावं लागतं.

चिठ्ठ्या तिथल्या तिथे उघडून वाचू नका. चहाच्या सुट्टीत बाजूला बसून आधी सगळ्या चाळा. एखादी चिठ्ठी मदत मागणारी असू शकते, आणि ती वर्गासमोर वाचली गेली तर ते मूल पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

बाकीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं मात्र सरळ द्या. काही प्रश्न दर वर्गात येतात, म्हणून इथे उत्तरांसकट देते.

"हाताने केल्याने अशक्तपणा येतो का?" नाही. पिंपल्स येत नाहीत, लिंग वाकडं होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. शंभर थेंब रक्तातून एक थेंब वीर्य तयार होतं, या ऐकीव गोष्टीला काही आधार नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं. झोपेत ते बाहेर पडणं हाही आजार नव्हे. स्वारगेट आणि स्टेशनच्या आसपास मुताऱ्यांमध्ये ज्या भोंदू डॉक्टरांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, त्यांचा धंदा या एका भीतीवर चालतो, हे मुलांना स्पष्ट सांगा. मुलगे तिथे गुपचूप पैसे घालून येतात.

"लिंगाची साईज किती हवी?" याला आकडा देऊ नका, आकडा दिला की मोजामोजी सुरू होते. प्रत्येकाचं वेगळं असतं, वाढ अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते, आणि मोबाईलवरच्या चित्रफितींत निवडून घेतलेले नट असतात, असं सांगा. त्याच ओघात त्या चित्रफितींमध्ये समोरच्या व्यक्तीला "चालेल का?" असं कुणी विचारताना दिसत नाही, याकडेही लक्ष वेधा.

"पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे का?" नाही. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि तो लवचीक असतो. रक्त आलं किंवा नाही आलं, त्यावरून कुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

"अंगावरून पांढरं जातं, हाडं झिजतात का?" झिजत नाहीत. थोडं पांढरं जाणं वयात आल्यावर नेहमीचंच. रंग हिरवट-पिवळा झाला, घाण वास आला, खाज-जळजळ सुटली, तर डॉक्टरांकडे जायचं.

"मी मुलगा आहे आणि मला मुलगाच आवडतो." ही चिठ्ठी आली तर ती प्रश्नासारखीच घ्या आणि नेहमीच्याच सुरात उत्तर द्या. हा आजार नाही, औषध नाही, लग्न लावून दिल्याने बदलत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञान माणसांमधलं संमतीचं समलिंगी नातं भारतात गुन्हा नाही. पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांनी या विषयावर काम केलं आहे. सध्या चालू असलेल्या अशा संस्थेचं नाव वर्गात सगळ्यांसमोर फळ्यावर लिहा, म्हणजे एकट्याला येऊन विचारावं लागत नाही.

उत्तर येत नसेल तर "पुढच्या वेळी विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. प्रश्नाला उत्तर देणं हे आपल्याकडे कधी काळी न्यायालयापर्यंत गेलेलं काम आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकात उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, मासिक मात्र १९५३ साली कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं. तेव्हाच्या वाचकांना पडलेल्या शंका आणि आज श्रीखंडाच्या डब्यातून निघणाऱ्या शंका यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

लहान गटाला काय सांगायचं

शरीराचे भाग, वयात येणं, पाळी आणि नको असलेला स्पर्श एवढं पुरे. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४ मध्ये. मागे-पुढे झालं तर घाबरायचं कारण नसतं, पण पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर तपासून घ्यावं.

पाळीबद्दल बोलताना आकृतीवर फार रेंगाळू नका. मुलींना हवी असते ती रोजची माहिती. पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असू शकते, २१ ते ४५ दिवसांनी येणं या वयात चालतं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, डाग पडलेला नसला तरी. कापड वापरत असाल तर धुऊन उन्हात वाळवायचं, ओढणीखाली कोपऱ्यात नाही. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, तासाभरात पॅड भरणं, शाळा बुडावी इतकं पोटात दुखणं, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना. "लग्नानंतर थांबेल" हा त्यावर उपचार नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुली दप्तरात जमवून ठेवतात. ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, हे सांगितलं की निदान काहीजणी घेतात.

वापरलेल्या पॅडचंही सांगा. पुण्यात कचरा हाताने वेगळा करणाऱ्या, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंनी २०१७ मध्ये लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. पॅड कागदात गुंडाळायचं, कागदावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरावेचकाचा हात त्यात जात नाही. मुलग्यांनाही हे सांगा, घरातला कचरा खाली नेऊन देण्याचं काम पुष्कळदा त्यांच्याकडे असतं.

आता खास पुणेरी प्रश्न. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की मुली विचारतात, "मिरवणुकीच्या दिवशी पाळी येणार आहे, गोळी घेऊ का?" घरी गौरी-गणपती असला की आईच गोळी आणून देते. पाळी पुढे ढकलायची ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची असते. साधारणपणे पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पायात रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा अर्धशिशी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. गोळीने गर्भ राहणं टळत नाही. आणि गोळी न घेता, पॅड लावून, ढोल वाजवता येतो. पूजेचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या घरचं, त्यात मी पडत नाही. पण पाळीच्या रक्तात अशुद्ध काही नसतं हे वर्गात नक्की सांगते.

मुलग्यांच्या गटात एक गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून इथे लिहिते. अंडकोषात अचानक असह्य दुखायला लागलं तर लाजून घरी बसायचं नाही. आतला देठ पिळला गेलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. क्रिकेटचा चेंडू लागून दुखणं आणि हे दुखणं वेगळं. रात्री दोन वाजता सुरू झालं तरी आईबाबांना उठवायचं.

सोळाच्या पुढच्यांना

इथे सदाशिव-नारायण पेठेत कॉट घेऊन राहणारी, स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुलीही आली. घरापासून लांब, रूमवर सहाजण, आणि विचारायला गूगल. त्यांना उपदेश नकोच असतो, थेट माहिती द्या.

कंडोम: पाकिटावरची तारीख बघायची, खिशातल्या वॉलेटमध्ये महिनोन्महिने ठेवायचं नाही, एकावर एक दोन घालायचे नाहीत, खोबरेल तेल लावायचं नाही कारण तेलाने रबर फाटतं. गर्भ आणि लैंगिक आजार दोन्हींपासून संरक्षण देणारं साधन हे एकच. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घालून दाखवायला केळं किंवा लाकडी नमुना चालतो. लाजत करू नका, नाहीतर मुलं तुमच्याकडे बघतात आणि कंडोमकडे बघत नाहीत.

तातडीची गोळी: संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तिने गर्भपात होत नाही, आणि राहिलेला गर्भ जात नाही. दर महिन्याला वापरायची गोष्ट ती नव्हे. नियमित साधन हवं असेल तर सरकारी केंद्रात माला-एन, आठवड्याची 'छाया' गोळी आणि तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आहे. कोणतं कुणाला चालेल ते डॉक्टर ठरवतात. दुकानात तातडीची गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्यांचं किट यांची नावं मिळतीजुळती असतात. पाकीट वाचल्याशिवाय काहीही तोंडात टाकायचं नाही.

पाळी चुकली तर: आठवडाभर थांबून सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टीवर चाचणी. दोन रेघा आल्या तर मैत्रिणीने सांगितलेली पपई-तीळ, गूळ-काढा यात दिवस घालवू नका. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपात ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही, लग्नाचा दाखला, कशाचीही गरज नाही. अविवाहित असली तरी हक्क तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं. डॉक्टरांनी नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. गोळ्यांनी करायचा असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत, तोही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. 'मित्राने आणलेलं किट' घेतलेल्या मुली खूप रक्त जाऊन दवाखान्यात पोहोचतात तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

एचआयव्ही: डासाने, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने होत नाही. धोक्याचा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात गेल्यास २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. त्यातही जेवढ्या लवकर जाल तेवढं बरं. ही गोष्ट मुलांना माहीतच नसते. लागण रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून एक तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात.

एचपीव्हीची लस: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी. 'सर्व्हाव्हॅक' ही लस आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि २०२२ मध्ये तिला परवाना मिळाला. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ नंतर तीन. लस घेतली की मुलगी 'बिघडेल' असं पालकांच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच. धनुर्वाताची लस घेऊन कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देत नाही, एवढंच मी म्हणते.

मुलाने काही सांगितलं तर

हा भाग दोनदा वाचा. सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना सांगायचं: "इथे जे बोलाल ते मी इतरांना सांगणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला धोका आहे असं मला वाटलं, तर मदतीसाठी मला मोठ्यांना सांगावं लागेल." "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही.

कारण पोक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. त्यात अठराच्या खालचं प्रत्येक जण मूल आहे, मुलगा असो वा मुलगी. सोळाव्या वर्षी संमती चालते हा समज जुन्या कायद्यातून उरलेला आहे. कायद्यात आता तसं नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या कोणालाही, म्हणजे तुम्हालाही, कलम १९ खाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावं लागतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

"मामा जवळ घेतो ते मला आवडत नाही," अशी चिठ्ठी आली तर वर्गात फक्त एवढं म्हणा: "कुणाला नको असलेल्या स्पर्शाबद्दल बोलायचं असेल तर मी संपल्यावर इथेच अर्धा तास थांबणार आहे." आणि थांबा. मूल आलं तर ऐका. "तू आधी का नाही सांगितलंस?", "तू तिथे गेलीसच का?" हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. तपशील खोदायचे नाहीत, तुम्ही पोलीस नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा आणि मग पुढे काय होईल ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा. त्याचेच शब्द नंतर वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. १०९८ ला फोन करा. संस्थेतल्या वरिष्ठांना सांगा, पण "बघू, घरच्यांशी बोलून मिटवू" यावर थांबू नका. आरोपी घरातलाच असेल तर घरी आधी कळवल्याने मूल आणखी अडकतं.

मुलाला आणि त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला हे माहीत असू द्या: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि पोलीस गणवेशात नसावेत. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करते, विश्वासातलं माणूस सोबत असतं, आणि एफआयआर झालेला नसला तरी तपासणी होऊ शकते. कोणतंही रुग्णालय, खासगी असलं तरी, पीडितेवर मोफत प्राथमिक उपचार करायला बांधील आहे.

अवघड प्रकरण दुसरंच असतं. सतरा वर्षांची मुलगी, अठराचा मुलगा, दोघांच्या मर्जीने. कायद्याच्या लेखी हाही गुन्हाच, आणि ती गरोदर राहिली तर डॉक्टरांनाही कळवावं लागतं. या भीतीने मुली दवाखान्यातच जात नाहीत आणि किटवर विसंबतात. गर्भपाताबद्दलच्या २०२२ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे पालकांना आणि मुलीला सांगा. गर्भपातासाठी अठराच्या खालच्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते, म्हणून घरातलं एक तरी माणूस विश्वासात घ्यावंच लागतं. बहुतेकदा ती मावशी किंवा मोठी बहीण निघते. अशा वेळी एकट्याने निर्णय घेऊ नका. वकील आणि अनुभवी समुपदेशक यांचे नंबर वहीत आधीच असू द्यात.

सत्र संपल्यावर

मुली बऱ्याचदा वर्गातच मागे थांबतात. मुलगे नाही थांबत. ते बाहेर टपरीवर, गाडीच्या आसपास, "दादा, एक विचारू का, मित्राचा प्रॉब्लेम आहे" म्हणत भेटतात. तेव्हा दादाने चहा घेत तिथे वेळ काढावा. तो मित्र कोण हे विचारू नये.

चिठ्ठ्या घरी आणून गटाप्रमाणे प्रश्नांची नोंद करा आणि मूळ कागद फाडून टाका. अक्षर ओळखू येतं. मदत मागणारी चिठ्ठी मात्र फाडायची नाही, ती बंद पाकिटात, तारीख घालून ठेवायची. वर्गाचे फोटो अहवालासाठी लागतात म्हणून कुणी आग्रह धरला तर रिकाम्या वर्गाचा आणि फळ्याचा फोटो द्या, मुलांचे चेहरे नकोत. दवाखान्यात पाठवलेल्या मुलीला आठवड्याने विचारा, गेलीस का? नसेल गेली तर पुढच्या वेळी बरोबर जा. आणि शाळेतून निघण्याआधीच दुसऱ्या सत्राची तारीख मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. परीक्षा, क्रीडा महोत्सव आणि गणपती यांत ती कुठे जाते ते नंतर सापडत नाही.